पंधरा सेकंद, पंधरा वेळा

पहाटे साडेपाचला परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर जी मुले धावताना दिसतात, त्यांतल्या बहुतेकांना आपण मध्यम पल्ल्याचे धावपटू आहोत हे ठाऊक नसते. ती भरतीची मुले असतात. पोलीस भरतीत १६०० मीटर, सैन्य भरतीतही १६०० मीटर. त्यामुळे मराठवाड्यात आज सर्वांत जास्त धावली जाणारी शर्यत कोणती, असे कोणी विचारले तर मी हिचेच नाव घेईन. गंगाखेड, जिंतूर, सेलू, परळी, अंबाजोगाई, कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर उजाडण्यापूर्वी जाऊन उभे राहावे. मोबाइलवर वेळ लावून, कोणाच्या पायात बूट तर कोणाच्या पायात काहीच नाही, अशी मुले जाताना दिसतील. ऑलिम्पिकमधली १५०० मीटरची शर्यत त्यांच्या या अंतराहून केवळ १०० मीटरने कमी आहे.

मी शाळेत शिक्षक आहे आणि गेली काही वर्षे सकाळी या मुलांची वेळ घ्यायला जातो. गेल्या महिन्यात मी त्यांना एक प्रयोग करायला सांगितला. रस्त्याच्या कडेला लिंबाची दोन झाडे आहेत. त्यांच्यामध्ये टेप लावून नेमके १०० मीटर मोजले, दोन्हीकडे चुन्याची फक्की मारली आणि सांगितले, की हे अंतर पंधरा सेकंदांत कापायचे. सगळ्यांनी कापले. सहज कापले, आणि एवढ्यासाठी सरांनी टेप का आणला, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मग मी म्हणालो, आता परत फिरा आणि न थांबता पुन्हा तेवढ्याच वेळात या. तिसऱ्या खेपेपर्यंत बोलणे बंद झाले. पाचव्या खेपेला अकरांपैकी चार जण उरले. सातव्या खेपेच्या शेवटी एकच मुलगा फक्कीवर पोहोचला, तोही साडेसोळा सेकंदांत, आणि गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ तसाच उभा राहिला. सर्वांचा दम परत आल्यावर मी त्यांना सांगितले, की असे ओळीने पंधरा वेळा, एकही क्षण न थांबता, एका माणसाने १९५२ साली केले होते आणि त्याचा देश आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या अर्ध्याहून थोडाच मोठा आहे.

त्या माणसाचे, म्हणजे १९५२ च्या ऑलिम्पिकमधल्या १५०० मीटरच्या विजेत्याचे, नाव योझी बार्थेल आणि देशाचे नाव लक्झेंबर्ग. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर. १९५२ साली त्या संपूर्ण देशाची लोकसंख्या सुमारे तीन लाख होती. २०११ च्या जनगणनेत एकट्या परभणी शहराची तेवढी भरली. मुलांपैकी एकाने अगदी मनापासून विचारले, “सर, तेवढ्याशा देशात पळाया जागा तरी पुरती का?” जागा पुरते. पुरत नाहीत ती माणसे. बार्थेलच्या कारकिर्दीबद्दल मला जे म्हणायचे आहे ते सगळे या एका उत्तरातूनच निघते.

मध्यम पल्ल्याची शर्यत एकट्याने शिकता येत नाही. शंभर मीटर धावणारा घड्याळाशी भांडून वेगवान होऊ शकतो, मॅरेथॉन धावणारा रस्त्याशी सलगी करून तयार होऊ शकतो. पण ८०० किंवा १५०० मीटर धावणाऱ्याला खांद्याला खांदा लावून पळणारा दुसरा माणूस लागतो. पुढच्याच्या पाठीमागे किती अंतरावर राहायचे, कोपर लागला तरी पावलांची लय कशी मोडू द्यायची नाही, कोणाचा श्वास खरा फुलला आहे आणि कोण नुसता मागे राहून वाट पाहतो आहे, हे सगळे दुसऱ्याच्या सोबतीनेच कळते. मोठ्या देशात असे सोबती विद्यापीठाविद्यापीठांत सापडतात. तीन लाखांच्या देशात १५०० मीटर चार मिनिटांच्या आत धावणारे असे किती असणार? बार्थेल आपल्या देशात पहिला येत असे, आणि पहिला येणे हीच त्याच्यापुढची सर्वांत मोठी अडचण होती, असे मला वाटते. आपल्या तालुक्यात सतत पहिला येणाऱ्या आणि जिल्ह्याच्या मैदानावर अचानक आठवा येणाऱ्या मुलाचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला हे अधिक सांगावे लागणार नाही.

बार्थेलचा जन्म २४ एप्रिल १९२७ रोजी मामेर या गावी झाला. तो तेरा वर्षांचा असताना, मे १९४० मध्ये, जर्मन सैन्याने लक्झेंबर्ग व्यापले आणि देश मुक्त झाला तो सप्टेंबर १९४४ मध्ये. या चार वर्षांत तिथे फ्रेंच भाषेवर बंदी आली, फ्रेंच वळणाची नावे जर्मन करण्यात आली आणि तुम्ही मुळात जर्मनच आहात, असे लोकांना रोज सांगितले जाऊ लागले. ऑक्टोबर १९४१ मध्ये एक जनगणना ठरली होती. तिच्या अर्जात राष्ट्रीयत्व कोणते, मातृभाषा कोणती आणि वंश कोणता, असे तीन रकाने होते आणि त्यांत ‘जर्मन’ असे लिहून यावे ही अपेक्षा होती. लोकांनी तिन्ही ठिकाणी लक्झेंबर्गी असेच लिहायचे ठरवले. अंदाज घेण्यासाठी आधी पाहिलेल्या अर्जांतच हे उघड झाले आणि ती जनगणना सोडून द्यावी लागली. ज्या बोलीला जग भाषा मानायला तयार नव्हते, ती बोली त्या लोकांनी तीन रकान्यांत लिहून राखली.

हे वाचताना मला माझ्या आजोबांची आठवण होते. निजामाच्या राज्यात त्यांचे शिक्षण उर्दूतून झाले. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत उर्दू. अखेरपर्यंत ते पैशांचा हिशेब उर्दूतूनच करत आणि अभंग मराठीतून म्हणत. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ते पांढरेशुभ्र धोतर नेसून झेंडावंदनाला जात, त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोलत नसे आणि तेही कोणाशी बोलत नसत. लहानपणी मला त्यांच्या गप्प राहण्याचे कोडे वाटायचे. बार्थेलचे विजयमंचावरचे छायाचित्र मी पाहिले तेव्हा ते थोडेसे उलगडले. त्याविषयी पुढे येईलच.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बार्थेल १५०० मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि दहावा आला. ओल्या धावपट्टीवरची ती शर्यत स्वीडनच्या हेन्री एरिक्सनने जिंकली. दहाव्या क्रमांकाबद्दल कोणी काही लिहीत नाही. परंतु बार्थेलच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा निर्णय मला त्या दहाव्या क्रमांकानंतरच घेतलेला दिसतो. त्याने मार्गदर्शनासाठी फ्रायबुर्गच्या वोल्डेमार गेर्शलरकडे जायचे ठरवले. फ्रायबुर्ग जर्मनीत आहे. आपला देश गिळायला निघालेल्या राष्ट्रातला हा प्रशिक्षक, आणि युद्ध संपून जेमतेम काही वर्षे झालेली. लक्झेंबर्गमधल्या कोणा शेजाऱ्याने त्यावरून त्याला काय ऐकवले असेल, याची मला फक्त कल्पनाच करता येते. पण धावण्याचे शास्त्र त्या काळात ज्या मोजक्या माणसांजवळ होते, त्यांत गेर्शलर अग्रभागी होता. युद्धापूर्वी रुडॉल्फ हार्बिग हा त्याचा शिष्य होता. १९३९ साली मिलानमध्ये हार्बिगने ८०० मीटरचा विश्वविक्रम १ मिनिट ४६.६ सेकंदांवर आणून ठेवला होता आणि पुढे १९४४ मध्ये तो युद्धात मारला गेला. ज्याने असा शिष्य गमावला तो गुरू, आणि ज्याचे बालपण त्याच युद्धाने खाल्ले तो शिष्य, असे हे दोघे एकत्र आले. या भेटीपुढे मला सुवर्णपदकाची गोष्टही थोडी मागे ठेवावीशी वाटते.

गेर्शलरची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण ती आमच्या रस्त्यावरही उपयोगी पडते आहे. हर्बर्ट राइंडेल या हृदयतज्ज्ञाच्या साथीने त्याने असे बसवले होते, की धावपटूने लहान अंतर वेगात धावावे, नाडी मिनिटाला १८० च्या आसपास न्यावी आणि मग ती १२० पर्यंत उतरण्याची वाट पाहावी. दीड मिनिटाच्या आत नाडी १२० वर आली तर पुढची खेप सुरू. नाही आली तर समजावे, की धाव जास्त कठीण झाली किंवा आजच्या दिवसाचे काम झाले. हृदय बळकट होते ते धावताना नव्हे तर या विश्रांतीत, अशी त्यांची धारणा होती. आमच्या मुलांना मी मानेच्या बाजूला दोन बोटे ठेवून दहा सेकंद मोजायला शिकवले आहे. तीस ठोके म्हणजे १८०, वीस ठोके म्हणजे १२०. पूर्वी ही मुले ‘जीव जाईपर्यंत पळायचे’ एवढेच जाणत होती. आता ती थांबलेली असताना मोजतात, आणि हे मोजताना जी शांतता असते ती मला फार आवडते. अर्थात ही पद्धत आज जगात कोणी जशीच्या तशी वापरत नाही. तिच्यात लांब पल्ल्याचे सावकाश धावणे कमी पडते, हे पुढे न्यूझीलंडच्या प्रशिक्षकांनी दाखवून दिले. पण एकट्या पडलेल्या धावपटूला सोबती मिळत नसेल, तर स्वतःची नाडी हाच सोबती करून देण्याची सोय या पद्धतीत होती. म्हणून ती बार्थेलच्या हाती पडली हे फार योग्य झाले.

१९५२ चे हेलसिंकी ऑलिम्पिक मराठी माणसाला ओळखीचे आहे ते खाशाबा जाधवांमुळे. २३ जुलै रोजी खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, २६ जुलैला, १५०० मीटरची अंतिम शर्यत झाली. खाशाबा गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि कर्जाच्या पैशांवर तिथे पोहोचले होते हे आपल्याला माहीत असते. त्याच आठवड्यात त्याच गावी आणखी एक एकांडा शिलेदार होता, हे मात्र सहसा आपल्याकडे सांगितले जात नाही.

त्या शर्यतीत बार्थेलकडे कोणाचे लक्ष नव्हते. जर्मनीच्या वेर्नर ल्यूगने महिन्याभरापूर्वी ३ मिनिटे ४३ सेकंदांच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. इंग्लंडला आपल्या रॉजर बॅनिस्टरकडून सुवर्णाची अपेक्षा होती. त्यातच आयोजकांनी प्राथमिक आणि अंतिम फेरीच्या मध्ये उपांत्य फेरी घातली, त्यामुळे तीन दिवसांत तीन शर्यती धावणे आले. कमी सराव करून एका मोठ्या धावेसाठी ताकद राखून ठेवणाऱ्या बॅनिस्टरला हा फार मोठा फटका होता. दिवसामागून दिवस, खेपेमागून खेप धावायची ज्याच्या हृदयाला सवय होती, त्याला हा बदल मानवला. विजय अपघाताने मिळाला असे म्हणणाऱ्यांनी ही एवढीच बाब ध्यानात घेतली तरी पुरे आहे.

शेवटच्या वळणावर ल्यूग पुढे होता. सरळ पट्टीवर आल्यावर त्याची पावले जड होऊ लागली आणि बार्थेल बाहेरच्या बाजूने त्याच्या पुढे गेला. मागून अमेरिकेचा बॉब मॅकमिलन असा सुसाट आला, की अंतर आणखी दहा मीटर जास्त असते तर कदाचित निकाल वेगळा लागला असता. वेळ ३ मिनिटे ४५ सेकंदांपेक्षा किंचित अधिक; दुसरा जेमतेम एक दशांश सेकंद मागे. ल्यूग तिसरा, बॅनिस्टर चौथा. न्यूझीलंडच्या जॅक लव्हलॉकने १९३६ साली बर्लिनमध्ये केलेला ३ मिनिटे ४७.८ सेकंदांचा ऑलिम्पिक विक्रम मोडला गेला. दर १०० मीटरला पंधरा सेकंद, असे पंधरा वेळा. तेही आजच्या सिंथेटिक ट्रॅकवर नव्हे, तर पाय रुतणाऱ्या भुकटीच्या धावपट्टीवर आणि शेवटचे काहीशे मीटर त्याहून अधिक वेगात. आमच्या मुलांच्या भाषेत सांगायचे तर याच गतीने १६०० मीटर ठीक चार मिनिटांत होतात. सैन्य भरतीत साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण गुण मिळतात.

मग विजयमंच. वाद्यवृंदाजवळ लक्झेंबर्गच्या राष्ट्रगीताची स्वरलिपी तयार नव्हती आणि ती शोधण्यात वेळ गेला, अशी कथा सांगतात. या देशाचा माणूस जिंकेल असे कोणाच्या मनातही नव्हते, एवढा तिचा अर्थ मी घेतो. ‘आमची मायभूमी’ अशा अर्थाचे ते गीत वाजू लागले आणि पंचवीस वर्षांचा तो तरुण हमसून हमसून रडला. छायाचित्रात त्याने चेहरा लपवलेला नाही. त्याच मंचावर तिसऱ्या पायरीवर जर्मन धावपटू उभा आहे. बार्थेलला तयार करणारा गुरूही जर्मन. ज्या भाषेत हे गीत रचले होते, ती भाषा अकरा वर्षांपूर्वी लोकांनी तीन रकान्यांत लिहून वाचवली होती. हे सगळे त्याच्या मनात एकदम आले असेल का, हे सांगणारा मी कोण? पण १७ सप्टेंबरला गप्प बसणाऱ्या माझ्या आजोबांच्या घशात जे अडकत असे, तेच त्या छायाचित्रात मोकळे झालेले मला दिसते, आणि म्हणून ते माझ्या टेबलावर काचेखाली आहे.

चौथ्या क्रमांकाने व्यथित झालेल्या बॅनिस्टरने निवृत्तीचा विचार सोडला, आणखी दोन वर्षे धावला आणि ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पूर्ण करून, चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस म्हणून अजरामर झाला. जग त्या मैलाची गोष्ट सांगते. हेलसिंकीत बॅनिस्टर जिंकला असता तर त्याने तेव्हाच बूट काढून ठेवले असते, हे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. म्हणजे त्या मैलाच्या पायाचा एक दगड लक्झेंबर्गचा आहे.

बार्थेलची उरलेली कारकीर्द लवकर सांगून होते. रसायनशास्त्राचा अभ्यास केलेला हा माणूस शिक्षणासाठी अमेरिकेत हार्वर्डला गेला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये पुन्हा धावला, परंतु प्राथमिक फेरीतच बाद झाला. सुवर्ण आयर्लंडच्या रॉन डेलनीने नेले, म्हणजे ते पुन्हा एका लहान देशातच गेले. त्यानंतर बार्थेलने आपल्या देशाच्या अ‍ॅथलेटिक्स महासंघाचे आणि पुढे ऑलिम्पिक समितीचे अध्यक्षपद सांभाळले. १९७७ ते १९८४ या काळात तो मंत्री होता. वाहतूक, ऊर्जा, पर्यावरण अशी खाती त्याच्याकडे होती. जुलै १९९२ मध्ये, हेलसिंकीच्या त्या दिवसाला चाळीस वर्षे पूर्ण व्हायला तीन आठवडेही उरले नव्हते तेव्हा, त्याचे निधन झाले. राजधानीतल्या मुख्य मैदानाला त्याचे नाव देण्यात आले. मामेरमधल्या एका विद्यालयालाही त्याचेच नाव आहे, आणि मला मैदानापेक्षा याचे अप्रूप अधिक वाटते.

हे सगळे मी मुलांना सांगितले तेव्हा त्यांनी साहजिकच अविनाश साबळेचे नाव काढले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश, घरची मजुरी, शाळेचे अंतर धावत कापलेले, बारावीनंतर सैन्यात, सियाचीनला नेमणूक, हे त्यांना पाठ आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने रौप्य जिंकले. १९९८ पासून प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडेच जात होती आणि अविनाश पहिल्या क्रमांकापासून फक्त ०.०५ सेकंदाने हुकला. त्याची वेळ होती ८ मिनिटे ११.२० सेकंद. मी मुलांना एवढेच विचारले, की भारतात त्याच्या खांद्याला खांदा लावून ही शर्यत धावणारे किती जण होते? दीडशे कोटींच्या देशातही अडथळ्यांच्या शर्यतीपुरता अविनाश लक्झेंबर्गचाच नागरिक होता. राष्ट्रीय विक्रम तो स्वतःचाच पुनःपुन्हा मोडत राहिला, कारण मोडायला दुसऱ्या कोणाचा उरला नव्हता. तोही सोबत शोधत अमेरिकेत कोलोरॅडोला सरावासाठी गेला. बार्थेलने १९४८ नंतर जे केले तेच त्याने आपल्या काळात केले.

आमच्या रस्त्यावर आता प्रयोगाचे स्वरूप बदलले आहे. शंभर मीटर पंधरा सेकंदांत, मग झाडाखाली उभे राहून नाडी मोजणे, वीस ठोक्यांवर आली की पुढची खेप. आणि मुले एकट्याने नाही, दोघादोघांच्या जोडीने धावतात. सोनपेठकडून रोज पहाटे मोटारसायकलवर येणारी दोन मुले एकमेकांची वेळ स्वतःच्या वेळेआधी सांगतात. परवा त्या दोघांनी दहा खेपा बरोबरीने काढल्या. अकराव्या खेपेनंतर एकाची नाडी दीड मिनिटात वीसवर आली आणि दुसऱ्याची चोवीसवर अडली, तेव्हा पहिल्याने बाराव्या खेपेसाठी फक्कीवर ठेवलेला पाय मागे घेतला आणि झाडाखाली जाऊन त्याच्या शेजारी बसला.